शुल्क शून्य, तरी माल का थांबला? ब्रिटनच्या युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा हिशेब

प्रश्न असा आला आहे: "ब्रिटनने युरोपीय संघ सोडला, पण शेवटी शून्य आयातशुल्काचा करार झालाच. मग व्यापाराचं नुकसान झालं असं का म्हणतात? आणि झालंच असेल, तर प्रत्येक जण वेगळा आकडा का सांगतो?"

मी २२ वर्षं कस्टम्स क्लिअरन्स आणि फ्रेट फॉरवर्डिंगच्या कामात आहे. त्यातली बरीच वर्षं इंग्लंडमध्ये, डोव्हर बंदरातून फ्रान्सच्या कॅलेला जाणाऱ्या ट्रकांची कागदपत्रं करण्यात गेली. मी अर्थतज्ज्ञ नाही. पण ज्या घटनेवर अर्थतज्ज्ञ वाद घालतात ती रोज सकाळी माझ्या टेबलावर कागदांच्या रूपात येते, म्हणून उत्तर तिथूनच देतो.

आधी तारखा, कारण वादात त्यांची सरमिसळ फार होते. सार्वमत झालं २३ जून २०१६ ला. ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडायचा कौल दिला. ब्रिटन कायद्याने बाहेर पडलं ३१ जानेवारी २०२० ला. पण संक्रमणकाळ असल्यामुळे मालाच्या दृष्टीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत काहीच बदललं नाही. व्यापार करारावर एकमत झालं २४ डिसेंबर २०२० ला, आणि १ जानेवारी २०२१ पासून तो लागू. म्हणजे हजार पानांहून मोठा करार वाचून नवी पद्धत बसवायला आम्हाला नाताळचा आठवडा मिळाला. "ब्रेक्झिटनंतर काय झालं" हे २०१६ पासून मोजायचं, २०२० पासून की २०२१ पासून, यावरच अर्धा वाद उभा असतो.

आता मुख्य मुद्दा. १९९३ मध्ये युरोपची एकल बाजारपेठ सुरू झाली, तेव्हापासून बर्मिंगहॅमहून लियाँला जाणाऱ्या ट्रकला एक इन्व्हॉइस आणि एक वाहतूकपत्र पुरत होतं. बर्मिंगहॅमहून ग्लासगोला जाताना लागतं तेवढंच. १ जानेवारी २०२१ नंतर त्याच ट्रकसाठी ब्रिटनमध्ये निर्यात डिक्लरेशन, फ्रान्समध्ये आयात डिक्लरेशन, दोन्हीकडे सुरक्षा डिक्लरेशन, प्रत्येक वस्तूचा कमोडिटी कोड (वर्गीकरणाचा क्रमांक), उत्पत्तीचं निवेदन (माल कुठे बनला ते) आणि फ्रान्सच्या बाजूला आयात व्हॅटची (मूल्यवर्धित कराची) सोय करावी लागते. मालात मांस, दूध, मासे किंवा अंडी असतील तर सरकारमान्य पशुवैद्याने किंवा अधिकाऱ्याने सही केलेलं आरोग्य प्रमाणपत्रही हवं. माल रचायचं लाकडी पॅलेटसुद्धा उष्णतेची प्रक्रिया झालेलं आणि तसा शिक्का असलेलंच चालतं. शुल्क मात्र शून्य!

शुल्क जाणं आणि खर्च जाणं यांतला हा फरक एकदा कळला की बाकीचं समजायला सोपं जातं. शुल्क किमतीच्या टक्क्यात लागतं. १०० पाउंडांच्या मालावर थोडं, १ लाखाच्या मालावर जास्त. कागदाचा खर्च तसा नसतो, तो प्रत्येक खेपेला ठरलेला असतो. समजा एका खेपेच्या सगळ्या कागदांचा खर्च २०० पाउंड आला. ट्रेलरमध्ये २६ ब्रिटिश पॅलेट बसतात. पूर्ण ट्रेलर एकाच मालाचा असेल तर पॅलेटमागे ८ पाउंडही पडत नाहीत. पण एकच पॅलेट पाठवणाऱ्याला पूर्ण २०० भरावे लागतात, आणि त्याच्या पॅलेटवरचा नफाच तेवढा नसतो.

म्हणून मार बसला तो लहानांना. माझा एक ग्राहक इंग्लंडच्या वेस्ट कंट्रीत चीज बनवतो. कुटुंबाचाच धंदा, चार माणसं. फ्रान्समधल्या काही रेस्टॉरंटांना आणि घरगुती ग्राहकांना तो लहान लहान खोकी पाठवायचा. जानेवारी २०२१ मध्ये त्याने विचारलं, "प्रत्येक खोक्याला पशुवैद्याची सही?" मी म्हटलं, प्रत्येक खेपेला, आणि तुमची खेप म्हणजे एक खोकं. तो बराच वेळ काही बोलला नाही. त्या वसंतात त्याने युरोपची विक्री बंद केली. त्याच्या मालावर शुल्क शून्यच होतं.

लहान निर्यातदार आधी ग्रुपेज वापरून वाचायचे. म्हणजे दहा जणांचा माल एका ट्रकमध्ये भरायचा आणि भाडं वाटून घ्यायचं. सीमा आल्यावर ग्रुपेज धोक्याचं झालं, कारण दहातल्या एका पॅलेटच्या कागदात चूक निघाली तरी पूर्ण ट्रक थांबतो. जानेवारी २०२१ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या लँगोस्टीन (मोठ्या कोळंबीसारखा प्रकार) आणि खेकड्यांचं हेच झालं. माल ताजा, बाजार युरोपातला, आणि गाडी प्रमाणपत्रांसाठी अडकलेली. मासळीवाल्यांनी त्या महिन्यात आपले ट्रक थेट लंडनला, संसदेजवळच्या वेस्टमिन्स्टरच्या रस्त्यांवर आणून निषेध केला. त्यांच्यापैकी कित्येकांना ब्रेक्झिटने मासेमारीला बरकत येईल असं सांगितलं गेलं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं. शिवाय काही माल कागदांनीही जात नाही. वर्ग-ब, म्हणजे कमी स्वच्छ पाण्यातले, शुद्ध न केलेले जिवंत शिंपले आणि ब्रिटनचे बियाण्याचे बटाटे यांना युरोपीय संघाचा दरवाजाच बंद झाला. बाहेरच्या देशांसाठी हे नियम आधीपासून होते, फक्त ब्रिटन आता बाहेरचा देश झाला.

या लहानांचं काय झालं याची मोजणी झाली आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या सेंटर फॉर इकॉनॉमिक परफॉर्मन्सने २०२४ च्या अखेरीस १ लाखाहून जास्त कंपन्यांच्या नोंदी तपासून अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या करारामुळे सुमारे १६,४०० कंपन्यांनी युरोपीय संघाला माल पाठवणं पूर्ण थांबवलं, म्हणजे तिकडे निर्यात करणाऱ्यांपैकी साधारण १४ टक्के. सर्वांत मोठ्या कंपन्यांच्या निर्यातीवर मात्र फारसा परिणाम दिसला नाही. मी टेबलावर जे पाहिलं तेच या अभ्यासात आहे. एकूण निर्यातीचा आकडा मोठ्या कंपन्यांच्या जोरावर उभा राहतो, आणि त्याखालून हजारो लहान नावं गळून जातात. जो ट्रक निघालाच नाही त्याची नोंद कस्टम्सच्या कोणत्याही यंत्रणेत होत नाही. "बघा, निर्यात तर चालूच आहे" म्हणणारा खोटं बोलत नसतो, पण त्याला ही गळती त्या आकड्यात दिसणारच नसते.

आता उत्पत्तीचे नियम. या विषयात सगळ्यात कमी बोलली जाणारी आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. करारातलं शून्य शुल्क ब्रिटनमधून आलेल्या प्रत्येक मालाला नाही, ब्रिटनमध्ये *बनलेल्या* मालाला आहे (आणि उलट दिशेने, संघात बनलेल्या मालाला). बनलेला म्हणजे काय, हे वस्तूगणिक वेगळं ठरतं. मोटारीचं उदाहरण घ्या. ब्रिटन आणि संघ या दोन्हींच्या बाहेरून आणलेले भाग किमतीच्या ४५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत असा नियम आहे. जास्त झाले तर १० टक्के शुल्क. विजेवरच्या मोटारींची बॅटरी तर मोठ्या प्रमाणात आशियातून येते, त्यामुळे त्यांना सवलतीची मुदत दिली होती. ती २०२३ च्या शेवटी संपत होती, आणि ऐन वेळी दोन्ही बाजूंनी २०२६ च्या अखेरपर्यंत वाढवली.

याहून अडचणीचं म्हणजे नुसता वितरणाचा धंदा. आमच्याकडे पूर्वी भारतातून तयार कपड्यांचे कंटेनर इंग्लंडच्या फेलिक्स्टो बंदरात यायचे. तिथे एकदा शुल्क भरलं की माल संघभर मोकळा. मिडलँड्समधल्या, म्हणजे मध्य इंग्लंडातल्या, गोदामातून जर्मनीला, आयर्लंडला, नेदरलँड्सला जायचा. २०२१ नंतर तोच शर्ट ब्रिटनमध्ये शुल्क भरून आला आणि पुढे हॅम्बर्गला निघाला, तर तिथे पुन्हा शुल्क, कारण तो ब्रिटिश नाही, भारतीय आहे. युरोपात कपड्यांवरचा दर साधारण १० ते १२ टक्के. बॉन्डेड गोदाम किंवा ट्रान्झिटची, म्हणजे ब्रिटनमध्ये शुल्क न भरता माल ठेवायची किंवा पुढे न्यायची, सोय आहे, पण तिला हमी, परवाने आणि माहितगार माणूस लागतो. त्यापेक्षा आयातदारांनी सरळ दुसरं गोदाम नेदरलँड्समध्ये घेतलं. त्या मिडलँड्सच्या गोदामात माझी जवळून ओळखीची माणसं होती. तिथल्या पाळ्या दोनवर आल्या आणि पुढे एकीवर.

युरोपात बनलेल्या मालाचीही हीच गत. जर्मनीत तयार झालेली मिठाई ब्रिटनमध्ये आली आणि तिच्यावर काहीही प्रक्रिया न करता तशीच आयर्लंडला निघाली, तर तिची सवलत जाते. हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. पण करारात ब्रिटनमार्गे परत जाणाऱ्या युरोपीय मालाला त्या रूपात सवलत ठेवलेलीच नाही.

इथे दोन शब्द नीट वेगळे केले पाहिजेत, नाहीतर वाद भरकटतो. सीमाशुल्क संघ म्हणजे आतल्या देशांत शुल्क नाही आणि बाहेरच्यांसाठी सगळ्यांचा एकच दर. त्यामुळे उत्पत्ती तपासायची गरज उरत नाही. एकल बाजारपेठ म्हणजे वस्तूंचे, अन्नाचे, औषधांचे, सेवांचे नियम एक. त्यामुळे सीमेवर गुणवत्ता तपासायची गरज उरत नाही. नॉर्वे एकल बाजारपेठेत आहे, सीमाशुल्क संघात नाही, म्हणून स्वीडनच्या सीमेवर त्याला कस्टम्सचे कागद लागतात. तुर्कस्तान औद्योगिक मालापुरतं सीमाशुल्क संघात आहे, एकल बाजारपेठेत नाही, आणि बल्गेरियाच्या सीमेवर त्याच्या ट्रकांच्या रांगा लागतात. ब्रिटनने दोन्ही सोडलं. एकल बाजारपेठेचा आराखडा १९८५ मध्ये युरोपीय आयोगातल्या ब्रिटिश सदस्याने, लॉर्ड कॉकफील्ड यांनी, सुमारे ३०० उपायांची यादी करून मांडला होता. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने ती बाजारपेठ जोर लावून घडवून आणली. मालाच्या वाटेतली खरी भिंत शुल्काची नसून नियमांची आहे, हे ब्रिटननेच युरोपला पटवलं होतं.

मग आकडे का जुळत नाहीत? कारण विचारायचा प्रश्न "आधी किती होतं आणि आता किती आहे" हा नाही. "राहिले असते तर आज किती असतं" हा आहे, आणि तो देश कुठे अस्तित्वात नाही. त्याचा अंदाजच करावा लागतो. काही अभ्यासक ब्रिटनसारख्या चालणाऱ्या देशांचं मिश्रण करून एक कल्पित ब्रिटन उभा करतात. काही अंतर आणि बाजाराचा आकार यांवरून व्यापार किती असायला हवा ते काढतात. काही कंपन्यांनाच विचारतात. मध्ये करोना आला, युक्रेनच्या युद्धामुळे गॅस महागला, त्यांचा परिणाम वेगळा काढणं कठीण. सरकारी अंदाजपत्रकावर स्वतंत्रपणे नजर ठेवणारी ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी ही संस्था असं धरून चालते की आयात-निर्यात न सोडता असती त्यापेक्षा १५ टक्के कमी होईल आणि दीर्घकाळात उत्पादकता ४ टक्के कमी राहील. काही अंदाज याहून कमी आहेत, काही बरेच जास्त. मी वाचलेल्या गंभीर अभ्यासांत आकार वेगळे आहेत, दिशा मात्र एकच आहे.

४ टक्के म्हणजे एखाद्या वर्षी आलेली मंदी नव्हे. १५ वर्षांत हळूहळू साचणारी तूट आहे ती. म्हणूनच लोकांना ती जाणवत नाही. २०१६ च्या मोहिमेत "ब्रेक्झिटचा कौल आला की लगेच मंदी" असा इशारा अर्थखात्याने दिला होता. तशी मंदी आली नाही, आणि त्या एका चुकीने पुढचे सगळे सावध अंदाजही लोकांच्या नजरेतून उतरले. राहा म्हणणाऱ्या बाजूची ती मोठी चूक होती असं मला वाटतं. लगेच घडलं ते एवढंच की कौलाच्या दुसऱ्या दिवशी पाउंड डॉलरच्या तुलनेत सुमारे ८ टक्के घसरला आणि आयात महागली.

दुसऱ्या, म्हणजे सोडा म्हणणाऱ्या बाजूची चूक त्यांच्या प्रचाराच्या बसवर रंगवलेली होती. ब्रिटन युरोपीय संघाला देतं दर आठवड्याला ३५ कोटी पाउंड. हा आकडा ब्रिटनला मिळणारी सूट आणि परत येणारा पैसा वजा न करता काढलेला होता. २०१८ मध्ये निव्वळ वर्गणी वर्षाला ९ अब्ज पाउंडांच्या आसपास होती. ब्रिटनचं सकल उत्पन्न अडीच हजार अब्ज पाउंडांच्या घरात धरलं तर त्याचे ४ टक्के म्हणजे वर्षाला १०० अब्ज. वाचलेली वर्गणी खरी आहे, पण तिची तुलना या रकमेशी करायला हवी.

सोडल्याचे फायदे झालेच नाहीत, असं मात्र मी म्हणणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने नवी शुल्कं लावली तेव्हा ब्रिटनला १० टक्के लागलं. युरोपीय संघाची वाटाघाट जुलैमध्ये १५ टक्क्यांवर संपली. हा फरक वेगळं असल्यामुळेच मिळाला, आणि अमेरिकेला माल पाठवणाऱ्या ब्रिटिश कारखान्याला तो तेव्हा जाणवला. भारताबरोबरचा करार २४ जुलै २०२५ ला झाला. स्कॉच व्हिस्कीवरचं भारतातलं शुल्क १५० वरून ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं त्यात ठरलं. संघात राहून ब्रिटनला असा करार एकट्याने करता आला नसता. पण आकार पाहा. या करारातून दीर्घकाळात वर्षाला ४.८ अब्ज पाउंडांची भर पडेल असा ब्रिटिश सरकारचा स्वतःचा अंदाज आहे, आणि ऑस्ट्रेलियाच्या करारातून सकल उत्पन्नाच्या ०.०८ टक्के. दूरचा मोठा बाजार जवळच्या मोठ्या बाजाराची जागा घेत नाही. डोव्हरहून कॅलेला फेरी दीड तासात पोचते, आणि ताजी मासळी, मोटारीचे सुटे भाग, उद्या दुकानात हवा असलेला माल याच दीड तासावर जगतो.

सेवांची गोष्ट थोडी वेगळी. लंडनच्या बँकांचं पासपोर्टिंग, म्हणजे एका परवान्यावर संघभर काम करण्याची मुभा, गेली. जानेवारी २०२१ मध्ये शेअरच्या उलाढालीत ॲम्स्टरडॅमने लंडनला मागे टाकलं. तरी ब्रिटनची सेवा-निर्यात चांगलीच वाढत राहिली. सल्लागार, वकील, सॉफ्टवेअरवाले यांचा माल सीमेवर थांबत नाही, हे त्याचं एक मोठं कारण.

एक गोष्ट सहसा सुटते. युरोपीय संघाने पहिल्या दिवसापासून पूर्ण तपासणी सुरू केली. ब्रिटनने आपल्या बाजूची तपासणी पाच वेळा पुढे ढकलली. अन्नाच्या आयातीला आरोग्य प्रमाणपत्रं ३१ जानेवारी २०२४ पासून आणि प्रत्यक्ष तपासणी ३० एप्रिल २०२४ पासून. तीन वर्षं फ्रेंच चीज आरोग्य प्रमाणपत्राशिवाय येत होतं आणि माझ्या ग्राहकाचं चीज जात नव्हतं. सरकारला महागाई आणि दुकानांतल्या रिकाम्या फळ्यांची भीती होती, ती मी समजू शकतो. पण लहान उत्पादकावर यात अन्याय झाला.

उत्तर आयर्लंडवर वेगळा लेख लागेल. एवढंच सांगतो की आयर्लंड बेटावर भिंत नको म्हणून मालाची सीमा उत्तर आयर्लंड आणि उरलेलं ब्रिटन यांच्यामधल्या समुद्रात गेली, आणि फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर फ्रेमवर्क या कराराने तिथे दोन वाटा केल्या: उत्तर आयर्लंडमध्येच राहणाऱ्या मालाला हिरवी, पुढे संघात जाऊ शकणाऱ्या मालाला लाल. सीमा नाहीशी करता येत नाही, कुठे ठेवायची एवढंच ठरवता येतं.

संघ सोडणं म्हणजे नेहमी असंच होतं का? नाही. १ जानेवारी १९९३ ला चेकोस्लोव्हाकिया दुभंगला तेव्हा दोघांनी सीमाशुल्क संघ कायम ठेवला आणि २००४ मध्ये दोघेही युरोपीय संघात येईपर्यंत चालवला. एकत्र चलन मात्र ८ फेब्रुवारी १९९३ लाच संपलं, जुन्या नोटांवर शिक्के चिकटवून. राजकीय घर वेगळं करताना व्यापाराचं कुंपण किती उंच घालायचं हा स्वतंत्र निर्णय असतो. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याच्या चर्चेतही हेच आधी विचारावं लागेल. स्कॉटलंडची सुमारे ६० टक्के निर्यात ब्रिटनच्या उरलेल्या भागात जाते. स्वतंत्र होऊन तो युरोपीय संघात गेला, तर आज डोव्हरला जे कागद लागतात ते इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरच्या ग्रेट्नाच्या रस्त्यावर लागतील. कुणी कोणता झेंडा निवडावा हे मी सांगणार नाही, पण हे कागद मतदानाच्या आधी लोकांसमोर ठेवले पाहिजेत, असं मी कळकळीने म्हणतो.

१९ मे २०२५ च्या लंडन परिषदेत ब्रिटन आणि युरोपीय संघाने अन्न आणि शेतीमालाच्या नियमांवर करार करायचं ठरवलं. तो झाला तर बहुतेक आरोग्य प्रमाणपत्रं जातील. त्या बदल्यात ब्रिटनला युरोपचे बदलते अन्ननियम पाळावे लागतील, ते ठरवताना मत नसताना. शिवाय त्याच परिषदेत युरोपीय बोटींना ब्रिटिश पाण्यात मासेमारीची मुभा २०३८ पर्यंत वाढवून दिली गेली.

ही बातमी आली त्या दिवशी माझ्या चीजवाल्याचा फोन आला. पुन्हा सुरू करू का, म्हणाला. मी म्हटलं, प्रमाणपत्र गेलं तरी कस्टम्सचं डिक्लरेशन राहील, खोक्यामागचा खर्च कमी होईल पण शून्य होणार नाही, तेव्हा आधी जुन्या ग्राहकांना विचारून बघा. त्याने लियाँच्या एका रेस्टॉरंटला फोन केला. मालक आपुलकीने बोलला, चीजची आठवणही काढली. पण २०२१ पासून ते आयर्लंडमधल्या एकाकडून घेतात, दर मंगळवारी, आणि त्याला एक इन्व्हॉइस पुरतं.